भास्कराचार्य आणि अज्ञाताची नावे

औरंगाबादचा (आताचे छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबरा पाहायला वऱ्हाडातून शाळांच्या सहली जातात. मुले मिनार मोजतात, ताजमहालाशी तुलना करतात, फोटो काढतात आणि पुढे वेरूळला निघतात. प्रवेशद्वाराच्या दरवाजावर दोन नावे कोरलेली आहेत, तिकडे फारसे कोणी पाहत नाही. एक नाव वास्तुकार अताउल्ला यांचे, दुसरे अभियंता हंसपत राय यांचे.

अताउल्ला हे उस्ताद अहमद लाहोरी यांचे चिरंजीव. म्हणजे ताजमहाल ज्यांच्या नावावर सांगितला जातो त्यांच्या घरातले. मकबऱ्याच्या कामाच्या पंचवीसेक वर्षे आधी, १६३४-३५ मध्ये, त्यांनी एक वेगळेच काम हातावेगळे केले होते. संस्कृतातला एक गणितग्रंथ त्यांनी फारसीत आणला आणि शाहजहान बादशहाला अर्पण केला. ग्रंथाचे नाव ‘बीजगणित’. तो लिहिणाऱ्याला तेव्हा जाऊन साडेचारशे वर्षे होत आली होती. त्या लेखकाच्या घराण्याची आठवण कोरलेला दगड मात्र पुढे अताउल्ला जिथे काम करणार होते त्याच मुलखात, डोंगराच्या उत्तरेकडच्या उतारावर पाटण गावात होता. हे लेखक म्हणजे भास्कराचार्य.

अकोल्याहून मुंबईकडे जाणारी गाडी भुसावळ आणि जळगाव मागे टाकून चाळीसगावला थांबते. तिथून पाटण पंधरा-वीस किलोमीटर. आज लोक तिथे पाटणादेवीच्या दर्शनाला जातात, गौताळ्याच्या जंगलात फिरतात. भवानीच्या देवळातला शिलालेख मुंबईचे विद्वान डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ साली अभ्यासकांसमोर आणला, आणि भास्कराचार्यांचे घराणे पहिल्यांदा नीट कळले. लेख शके ११२८चा, म्हणजे इ.स. १२०६-०७च्या सुमाराचा आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेव याने इथे एक मठ काढला. मठाला निकुंभ घराण्यातल्या स्थानिक राजांनी देणग्या दिल्या. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण देणग्यांचा हिशेब आला की भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. बाजारात येणाऱ्या मालावर मठाचा वाटा किती, तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे किती पळ्या तेल द्यायचे, हे तेल्या-वाण्यांना कळेल अशा बोलीत लिहिले आहे. एका गणितज्ञाच्या ग्रंथांसाठी गावच्या घाण्यांनी तेल दिले, आणि तेही शिलालेख कोरून, अशी दुसरी उदाहरणे आपल्याकडे शोधावी लागतील.

त्या लेखात पिढ्या दिल्या आहेत. त्रिविक्रमापासून सुरू होणारी वंशावळ भास्कराचे वडील महेश्वर यांच्यापर्यंत येते, मग भास्कर, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेले आणि चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. भास्करांचे स्वतःचे शिक्षण मात्र घरीच झाले. वडील हेच गुरू, हे त्यांनी आपल्या ग्रंथात आदराने नोंदवले आहे.

जन्माचे वर्षही त्यांनी स्वतःच सांगितले आहे: शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. गावाचे नाव विज्जलवीड, सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले. हे गाव नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. काही जण पाटणच्या आसपास बोट दाखवतात, काही कर्नाटकातल्या विजापूरकडे. उज्जैनच्या वेधशाळेचे ते प्रमुख होते असे शाळेच्या पुस्तकांतून वाचायला मिळते, पण त्याला भक्कम पुरावा नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या आयुष्याबद्दल खात्रीने सांगता येण्यासारख्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, ‘करणकुतूहल’ लिहिला. मधल्या तेहतीस वर्षांत त्यांनी काय खाल्ले, कुठे राहिले, कोणाशी भांडले, काही माहीत नाही. जे आहे ते पानांवर आहे, आणि त्यांचा स्वभाव तिथेच शोधावा लागतो.

‘सिद्धान्तशिरोमणि’चे चार भाग. ‘लीलावती’त अंकगणित आणि मापे, ‘बीजगणित’ात अज्ञाताचे गणित, ‘ग्रहगणित’ात सूर्य-चंद्र-ग्रहांची गती आणि ‘गोलाध्याय’ात गोलाचा विचार. शिवाय श्लोक समजायला कठीण जातील हे ओळखून त्यांनी स्वतःच त्यावर गद्यात स्पष्टीकरण लिहिले. आपले लिहिणे दुसऱ्याला कळले नाही तर दोष वाचणाऱ्यावर न टाकणारा हा माणूस होता, असे म्हणायला हरकत नाही.

जुन्या शहरात, मोर्णेच्या पश्चिमेला, मराठी शाळाही आहेत आणि उर्दू शाळाही. असदगडाच्या सावलीतली दोन शेजारची मुले एकच गणित दोन शब्दांनी शिकतात. मराठी पुस्तकात ‘चल’, उर्दू पुस्तकात ‘मुतग़य्यर’. दोन्हींचा अर्थ बदलणारा. दोघांनाही तो पहिल्या भेटीत परका वाटतो. आकड्यांच्या गर्दीत अचानक एक अक्षर येऊन बसते आणि गुरुजी सांगतात, ही पण एक संख्याच समजा. कोणती? ते शेवटी कळेल. इथे अनेक मुलांचे गणिताशी बिनसते, आणि मग ते जन्मभर जुळत नाही.

भास्कराचार्यांनी या अक्षराला जे नाव वापरले तेच त्याची सगळ्यात चांगली व्याख्या आहे: ‘यावत्-तावत्’. जेवढे असेल तेवढे. अज्ञात संख्या अजून सापडली नाही, पण ती आहे, आणि जेवढी आहे तेवढी आहे. तिला नाव देऊन कामाला लागायचे. नाव त्यांनी शोधलेले नव्हते. अज्ञातांना रंगांची नावे देण्याची रीत त्यांच्या पाचशे वर्षे आधी ब्रह्मगुप्ताकडे दिसते. भास्करांनी ती सगळी रीत एका ग्रंथात व्यवस्थित बसवली. पहिला अज्ञात यावत्तावत्, दुसरा कालक म्हणजे काळा, मग नीलक, पीतक, लोहितक, हरितक, श्वेतक. लिहिताना पहिले अक्षर पुरे: या, का, नी, पी, लो. माहीत असलेल्या संख्येपुढे ‘रू’, रूप या शब्दाचे. वर्गासाठी ‘व’, घनासाठी ‘घ’. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. एका अज्ञाताचे समीकरण ते ‘एकवर्ण’ आणि अनेकांचे ‘अनेकवर्ण’, म्हणजे एका रंगाचे आणि अनेक रंगांचे.

भास्करांच्या तीनशे वर्षे आधी बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख़्वारिज़्मी यांनी, ज्यांच्या ग्रंथाच्या नावातून ‘अल्जिब्रा’ हा शब्द आला, अज्ञाताला ‘शय’ म्हटले होते. शय म्हणजे वस्तू, चीज. उर्दू बोलणाऱ्या घरात हा शब्द रोज कानावर पडतो. मात्र ख़्वारिज़्मी यांच्या ग्रंथात खुणा नाहीत, सगळे गणित वाक्यांत सांगितले आहे. खुणेने लिहिण्याची सोय इकडे होती. अताउल्लांनी ‘बीजगणित’ फारसीत नेताना पहिल्या अज्ञाताला ‘मजहूल’, म्हणजे माहीत नसलेला, म्हटले आणि पुढच्या अज्ञातांचे रंग तसेच ठेवले. काळा काळाच राहिला, निळा निळाच.

नाव द्यायचे हे ठरले तरी कशाला द्यायचे हा प्रश्न उरतो, आणि भास्करांची खरी हातोटी तिथे दिसते. त्यांचे भुंग्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. भुंग्यांचा एक थवा आहे. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ काढावे तेवढे भुंगे एका वेलीकडे गेले, थव्याचे आठ-नवमांश दुसरीकडे गेले, आणि एक जोडपे मागे राहिले. थवा किती? आजचा विद्यार्थी थव्यालाच अक्षर देईल आणि वर्गमूळाच्या चिन्हात अडकेल. भास्करांनी थव्याला अक्षर दिले नाही. थवा म्हणजे यावत्तावताच्या वर्गाची दुप्पट, असे त्यांनी धरले. मग निम्मा थवा म्हणजे नुसता वर्ग, आणि त्याचे मूळ म्हणजे साधा यावत्तावत्. वर्गमूळ जागच्या जागी विरून गेले. यावत्तावत् ६ निघतो आणि थवा ७२. पडताळा घ्या: निम्मे ३६, त्याचे मूळ ६, ७२चे आठ-नवमांश ६४, आणि जोडप्याचे २. बेरीज ७२.

हे सगळे आज ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर शिकवता येते. १९८५ साली कॅसिओ कंपनीने पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर बाजारात आणला तेव्हा त्याच्या स्मृतीत जेमतेम ४२२ बाइटची जागा होती. आजच्या एका साध्या मोबाइल मेसेजचे दोन परिच्छेद त्यात मावणार नाहीत. पण इंग्रजी वर्णमालेची सव्वीसही अक्षरे त्यात होती, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक संख्या ठेवायचा कप्पा. आठ लिहायचे, बाणाची कळ दाबायची, बी दाबायचे, की बी मध्ये ८ जाऊन बसले. मग बी अधिक एक विचारले की ९. आपल्याकडे इंजिनीअरिंगच्या मुलांच्या हातात बहुधा साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर असतो. त्यालाही अशी थोडी अक्षरे असतात आणि बहुतेकांनी ती कळ कधी दाबलेली नसते. आता तर ग्राफ काढणारे ॲप फोनवर फुकट मिळते.

या यंत्रावर प्रोग्रॅम लिहायला शिकणारा मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा काय लिहिते? बहुधा वर्गसमीकरण सोडवणारा प्रोग्रॅम. ए, बी आणि सी या तीन कप्प्यांत तीन सहगुणक घ्यायचे, सूत्र चालवायचे, दोन उत्तरे दाखवायची. एकदा लिहिला की हजार समीकरणांना तोच. ज्या रीतीवर हे सूत्र उभे आहे ती ‘बीजगणित’ात आहे: दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, अज्ञाताच्या सहगुणकाचा वर्ग मिळवा, मग मूळ काढा. ब्राझीलच्या शाळांत या सूत्राला आजही भास्कराचे सूत्र म्हणतात. पाटणपासून हजारो मैलांवर पोर्तुगीज बोलणारी मुले रोज त्यांचे नाव घेतात. स्वतः भास्करांनी मात्र ही रीत श्रीधराचार्यांची आहे असे नाव घेऊन सांगितले. ब्राझीलला ते कोणी कळवलेले दिसत नाही.

दोन उत्तरे आली की पुढे काय, हे यंत्र सांगत नाही. भास्करांनी माकडांची दोन उदाहरणे दिली आहेत. पहिल्यात कळपाच्या एक-अष्टमांशाचा वर्ग एवढी माकडे रानात खेळताहेत आणि बारा टेकडीवर आहेत. उत्तर ४८ आणि १६, दोन्ही चालतात, दोन्ही त्यांनी स्वीकारली. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून त्याचा वर्ग, एवढी माकडे गुहेत गेली आणि एक झाडावर दिसले. उत्तरे ५० आणि ५. गणिताने दोन्ही बरोबर. पण पाच माकडांचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन कशी काढणार? ऋण माकडांवर लोकांचा विश्वास बसत नाही म्हणून त्यांनी पाच हे उत्तर सोडून दिले. प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या पडद्यावर ५० आणि ५ शेजारी शेजारी येतील, सारख्याच दिमाखात. कोणते ठेवायचे ते त्याला माकडांकडे पाहूनच ठरवावे लागेल.

आणखी एक उदाहरण असे आहे की त्यात उत्तरच एक नाही. चार जवाहिरे मित्र आहेत. एकाकडे ८ माणके, दुसऱ्याकडे १० नीलमणी, तिसऱ्याकडे १०० मोती, चौथ्याकडे ५ हिरे. प्रेमापोटी प्रत्येकाने आपल्यातला एकेक नग बाकी तिघांना दिला आणि चौघांची संपत्ती सारखी झाली. एकेका रत्नाची किंमत काय? इथे भास्करांनी रंगही वापरले नाहीत, रत्नांच्या नावांची पहिली अक्षरे घेतली. आता प्रत्येकाकडे चारही प्रकारचे निदान एकेक रत्न आहे. तेवढे सगळ्यांच्या पुड्यांतून बाजूला काढा. उरतात ४ माणके, ६ नीलमणी, ९६ मोती आणि १ हिरा, आणि या चारांची किंमत सारखी. मोती एका नाण्याचा धरला तर नीलमणी १६, माणिक २४ आणि हिरा ९६ नाण्यांचा. मोती दोन नाण्यांचा धरला की सगळे दुप्पट. प्रोग्रॅम लिहायचा तर मोत्याचा भाव विचारणारी एक ओळ आणि बाकीचे तीन भाव काढणाऱ्या तीन ओळी पुरतात. मोत्याच्या कप्प्यात काहीही टाका, बाकीचे त्याच्यामागे चालतात. ‘चल’ हा शब्द कुठून आला असेल ते या चार मित्रांकडे पाहून कळते.

पण कागदावरचे अक्षर आणि यंत्रातले अक्षर एकच नव्हे, आणि नवशिका इथेच ठेच खातो. यावत्तावत् वाट पाहतो. त्याच्यात अजून काही नाही, समीकरण सुटले की त्याची किंमत कळते. यंत्रातला कप्पा मात्र कधीच रिकामा नसतो. कोणी काही ठेवले नसेल तर शून्य, आणि काल कोणी ठेवून गेले असेल तर कालचे. एका प्रोग्रॅममधला सी आणि दुसऱ्यातला सी हा एकच कप्पा असतो. सी भरायला विसरलात तर यंत्र तक्रार करत नाही, कालच्या सी वर मुकाट्याने उत्तर देते. ते चुकीचे आहे हे पडद्यावरून ओळखू येत नाही. म्हणून प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच प्रत्येक अक्षरात काय आहे ते स्वतः भरून घ्यायचे, ही सवय लागली पाहिजे.

कप्प्यातली जुनी संख्या पुसून नवी लिहायची, हा व्यवहार भास्करांना अनोळखी नव्हता. त्या काळी आकडेमोड पाटीवर धूळ पसरून होत असे. तिला पाटीगणित म्हणत, धूलिकर्मही म्हणत. अरबीतही या आकडेमोडीला ‘ग़ुबार’, म्हणजे धूळ, हाच शब्द चिकटला. बोटाने पुसले की जुनी संख्या गेली. ‘बीजगणित’ातली सगळ्यात देखणी रीत याच पुसण्यावर चालते. तिचे नाव चक्रवाल, म्हणजे फिरणारे चाक. भास्करांच्या आधी ती जयदेव नावाच्या गणितज्ञाकडे सापडते. त्यांच्या हातात ती सफाईदार झाली.

प्रश्न असा: कोणत्या पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ने गुणून १ मिळवले तर पुन्हा एक पूर्ण वर्ग मिळतो? भास्करांनी यातल्या संख्यांना नावे दिली. लहान मूळ ते कनिष्ठ, मोठे मूळ ते ज्येष्ठ, मिळवायची संख्या ती क्षेप. सुरुवात सोपी आहे: १च्या वर्गाची ६१ पट, अधिक ३, बरोबर ८चा वर्ग. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. क्षेप ३ आहे, आपल्याला १ हवा. मग चाक एकेक घर फिरवायचे आणि प्रत्येक फेरीला तिन्ही संख्या बदलायच्या.

कॅल्क्युलेटरवर कनिष्ठ ए मध्ये, ज्येष्ठ बी मध्ये, क्षेप सी मध्ये ठेवू. चौथा कप्पा डी, आपण निवडायच्या संख्येसाठी. ती अशी हवी की ए गुणिले डी अधिक बी ला सी ने पूर्ण भाग जावा आणि डी चा वर्ग ६१च्या शक्य तितका जवळ असावा. इथे ७ बसतो. नवा कनिष्ठ: १ गुणिले ७ अधिक ८, भागिले ३, म्हणजे ५. नवा ज्येष्ठ: ८ गुणिले ७, अधिक ६१ गुणिले जुना कनिष्ठ १, भागिले ३, म्हणजे ३९. नवा क्षेप: ७चा वर्ग उणे ६१, भागिले ३, म्हणजे उणे ४. पडताळा: २५ गुणिले ६१ म्हणजे १५२५, त्यातून ४ गेले की १५२१, आणि तो ३९चा वर्ग.

‘जुना’ हा शब्द महत्त्वाचा. नवा कनिष्ठ ५ आला आणि तो लगेच ए मध्ये भरला, तर पुढच्या ओळीला जुना १ सापडणार नाही. ती ओळ ५६ अधिक ३०५ भागिले ३ करील आणि उत्तर येईल १२० पूर्णांक एक-तृतीयांश. चाक पहिल्याच फेरीत रुळावरून उतरले. उपाय साधा आहे. नवा कनिष्ठ आधी ई नावाच्या पाचव्या कप्प्यात ठेवायचा, ज्येष्ठ काढून घ्यायचा, मग ई मधला आकडा ए मध्ये हलवायचा. धुळीच्या पाटीवरही हेच करावे लागत असणार: नवी संख्या बाजूला मांडायची, काम झाले की जुनी पुसायची. पुढच्या फेरीत २१, १६४ आणि उणे ५ येतात. फक्त सी ऋण असेल तेव्हा भागताना त्याचे चिन्ह सोडून द्यायला प्रोग्रॅमला सांगावे लागते, नवा क्षेप काढताना मात्र ते चिन्ह धरायचे.

अशा तेरा फेऱ्यांनंतर क्षेप १ होतो. भास्करांना तेवढ्याही लागल्या नाहीत. क्षेप उणे ४ झाला की ब्रह्मगुप्ताची एक आडवाट मिळते, ती त्यांनी धरली. कनिष्ठ निघतो २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९. ज्येष्ठाचा वर्ग घेतला की एकोणीस अंकी संख्या होते. ग्राफिंग कॅल्क्युलेटर आत चौदा-पंधरा अंकच सांभाळतो, पडद्यावर त्याहून कमी दाखवतो. म्हणजे उत्तर यंत्रावर काढता येते, पण कनिष्ठाच्या वर्गाची ६१ पट आणि ज्येष्ठाचा वर्ग यांत शेवटी नेमका एकाचाच फरक आहे याची खात्री त्याच यंत्रावर थेट करता येत नाही. शेवटचे अंक त्याच्या हातून निसटतात. पाटीवर ते निसटत नव्हते. फ्रान्समधल्या फर्मा या गणितज्ञाने १६५७ साली हेच ६१चे कोडे आपल्या समकालीनांना घातले. त्याला उत्तर खानदेशात पाचशे वर्षे पडून आहे याची कल्पना नव्हती. खरे तर त्याच्या पंचवीसेक वर्षे आधी अताउल्लांनी ग्रंथाचे फारसी भाषांतर पूर्ण केले होते. ते युरोपात पोहोचायला १८१३ साल उजाडले. त्या वर्षी एडवर्ड स्ट्रेची यांनी अताउल्लांच्या फारसीवरून इंग्रजी पुस्तक लंडनला छापले. संस्कृतावरून केलेले कोलब्रुक यांचे भाषांतर त्यानंतर, १८१७चे.

फारसीचे भास्करांवर आणखी एक ऋण आहे, किंवा उलट म्हणा. लीलावतीची गोष्ट मराठी घराघरांत माहीत आहे. ज्योतिषी बापाने मुलीच्या लग्नाची एकच शुभ घटिका शोधली, पाण्यात घटिकापात्र ठेवले, मुलगी कुतूहलाने वाकली, तिच्या वस्त्रावरचा मोती पात्रात पडून छिद्र बुजले, मुहूर्त टळला, आणि बापाने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. ही गोष्ट भास्करांच्या ग्रंथात कुठेही नाही. ती आपल्याला भेटते १५८७ साली, अकबराच्या सांगण्यावरून शायर फ़ैज़ी यांनी केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत. फ़ैज़ी हे अबुल फ़ज़ल यांचे थोरले बंधू. पुढे १५९१ मध्ये अकबराचे वकील म्हणून ते खानदेशात बुऱ्हाणपूरला आणि तिथून अहमदनगरला आले होते. गोष्ट त्यांनी ऐकली असेल, तेव्हा ती कोणाच्या तरी तोंडी असेल. मूळ ग्रंथात प्रश्न विचारताना भास्कर कधी बालेला, कधी मित्राला, कधी व्यापाऱ्याला हाक मारतात. त्यावरून मुलगी, तीही दुर्दैवी, सिद्ध होत नाही. तरीही ज्या गोष्टीला आपण अस्सल मराठी मातीतली समजतो तिची सगळ्यात जुनी प्रत फारसीत असावी, आणि ज्यांनी ती लिहिली त्यांनी आधी तो सगळा गणितग्रंथ ओळीने वाचलेला असावा, हे लक्षात राहण्यासारखे आहे. गोष्ट सांगणाऱ्यांपैकी ग्रंथ वाचलेले किती?

कॅल्क्युलेटरवर कोणत्याही संख्येला शून्याने भागा, यंत्र चूक दाखवून थांबते. प्रोग्रॅम तिथेच मरतो. भास्कर थांबले नाहीत. ज्याच्या छेदात शून्य आहे अशा राशीला त्यांनी ‘खहर’ असे नाव दिले आणि ती अनंत आहे, तिच्यात काही मिळवले किंवा काढले तरी ती बदलत नाही, असे सांगितले. आजचे गणित हे जसेच्या तसे मान्य करीत नाही. पण अडलेल्या जागेला नाव देऊन पुढे पाहण्याची त्यांची सवय इथेही सुटलेली नाही.

‘करणकुतूहल’ लिहिताना ते एकोणसत्तर वर्षांचे होते. ‘सिद्धान्तशिरोमणि’त प्रत्येक नियमामागचे कारण होते. या पुस्तकात कारणे फारशी नाहीत. हे रोजच्या कामाचे पुस्तक: ११८३ सालचा एक दिवस आरंभ धरला आहे, त्या दिवशी सूर्य, चंद्र आणि ग्रह कुठे होते ते आकडे तयार दिले आहेत. वापरणाऱ्याने आरंभापासून किती दिवस गेले तेवढेच मोजायचे आणि ती एक संख्या दिलेल्या रीतीत घालायची. बाकी सगळे ठरलेले, दिवस तेवढे बदलणारे. ज्याने कधी प्रोग्रॅम लिहून मित्राला दिला असेल त्याला ही रचना ओळखीची वाटेल. पंचांग करणाऱ्यांनी ते पुस्तक पुढे शेकडो वर्षे वापरले.

त्याच्या दहा अध्यायांपैकी एक अध्याय शृंगोन्नतीचा आहे. अमावास्येनंतर पश्चिमेला दिसणाऱ्या कोवळ्या चंद्राची कोर किती जाड असेल आणि तिच्या दोन टोकांपैकी कोणते वर उचललेले दिसेल, हे तिथे हिशेबाने काढायला सांगितले आहे. जुन्या शहरातल्या गच्च्यांवर महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी मोर्णेपलीकडे पाठ करून मावळतीकडे पाहणारी माणसे जिचा शोध घेतात, तीच ही कोर.